हिरवं गोड पाणी

टेरिन डन घाईची बाई. सगळ्या पनाका गावाला हे ठाऊक होतं. शाळेची बस ती वेळेच्या पाच मिनिटं आधीच थांब्यावर आणायची आणि पोरं धावत येईपर्यंत हॉर्नवर हात ठेवून बसायची. स्वयंपाक उभ्याने, जेवणही उभ्यानेच. नवरा सोडून गेला तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या, बिचाऱ्याला तिच्यामागे पळवेना. अडतिशी आली तरी सुट्टीच्या दिवशी ती हेल्मेट चढवून मोटारसायकल काढायची आणि कोरड्या ओढ्यांच्या वाळूतून, झुडपांतून दिवसभर उधळत राहायची. संध्याकाळी धुळीने माखून परत यायची ती मात्र अगदी निवून.

तिचं चाकांवरचं घर वर्ल हॅच यांच्या जमिनीला लागून होतं. हॅच चौऱ्याहत्तर वर्षांचे. चर्चमधले जुने, मानाचे गृहस्थ. चर्चच्या नियमाप्रमाणे चहाकॉफीसुद्धा न घेणारे. त्यांची बायको लरू जाऊन चार वर्षं झाली होती. टेरिन लहान असताना लरूनेच तिला सांभाळलं होतं, त्यामुळे हॅचनी तिला लाळेऱ्यात पाहिलेलं. टेरिनने पुढे चर्चला जायचं सोडलं, पण म्हाताऱ्याला ‘ब्रदर हॅच’ म्हणायचं सोडलं नाही. ते तिला ‘पोरी’ म्हणत. लरूनंतर त्यांच्या घरात दुसरा जीव होता तो एकच, बर्डी नावाची नऊ वर्षांची कुत्री. निळसर राखी रंगाची, एक कान दुमडलेली, पूर्वी गुरं वळणारी आणि आता कोंबड्या वळणारी.

त्या वर्षी वसंतात हॅच मोतीबिंदू काढायला सेंट जॉर्जला गेले होते. त्यांच्या लसूणघासाला पाण्याची पाळी होती. संध्याकाळी फळी टाकून पाणी तोडायचं, एवढं एकच काम त्यांनी टेरिनवर सोपवलं. ती मोटारसायकलवर बाहेर पडली आणि विसरली. रात्रभर पाणी वाहिलं, पहिली कापणी सडली. डोळ्यावर पट्टी बांधून परत आलेले हॅच बांधावर उभे राहिले, बराच वेळ चिखलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “एकदा होतं, पोरी. माणूस एकदा चुकतोच.”

त्यातलं ‘एकदा’ टेरिनच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

तरीही उन्हाळ्यात वाऱ्याने तिच्या घरापुढचं ताडपत्रीचं छप्पर उडवलं तेव्हा हॅचनीच आपल्या कडब्याच्या शेडमधला एक कोपरा तिला मोटारसायकलसाठी मोकळा करून दिला. अट एकच घातली.

“तुझ्या इंजिनात ते हिरवं पाणी असतं ना, ते उघडं ठेवायचं नाही. गोड लागतं ते. लरूची जुनी कुत्री त्यानंच गेली. कुणीतरी रस्त्यात सांडलेलं चाटलं होतं. चार दिवस तडफडत होती. बर्डी दिवसभर या शेडमध्ये हिंडते.”

“ठाऊक आहे, ब्रदर हॅच. मी काय लहान आहे?”

“लहान नाहीस. घाईची आहेस.”

ऑक्टोबरमधला शनिवार होता. पुढच्या शनिवारी वाळवंटातली शर्यत, शंभर मैलांची, आणि गेल्याच रविवारी ओढ्याच्या चढावर तिच्या गाडीच्या रेडिएटरमधून वाफ उसळली होती. खालच्या रबरी नळीला, वॉटर पंपाच्या तोंडाशी, चीर गेली होती. गाडी जुनी घेतलेली. नळ्या पहिल्या मालकापासूनच्या, वाळून लाकडासारख्या झालेल्या. आतलं कूलंटही, म्हणजे तेच हिरवं पाणी, त्याच्याच काळातलं. टेरिनने नव्या निळ्या नळ्यांचा संच मागवला होता आणि कूलंटचा नवा डबा. डब्यावर लिहिलं होतं, पाळीव जनावरांना कमी अपायकारक. हा तिने मुद्दाम शोधून आणला होता.

सकाळी दहाला तिने काम काढलं. गाडी गार होती. रेडिएटरचं झाकण फिरवून काढलं, पंपाखाली पसरट ट्रे सरकवला आणि तळाचा बोल्ट सैल केला. हिरवट, गढूळ पाण्याची धार ट्रेमध्ये पडली. गाडी डावीउजवीकडे कलवून शेवटचा थेंब काढला. मग नळ्या. वरच्या दोन पिळून निघाल्या. खालची निघेना, ती तिने चाकूने उभी चिरली. नळ्या आवळणाऱ्या क्लिपा सोडवताना एकीचा आटा गेला. स्क्रू नुसता गरगर फिरायला लागला. नव्या संचात क्लिपा नव्हत्या.

कॅलिएंटीचं दुकान पंधरा मैलांवर. जाऊन येऊन पाऊण तास. ट्रेमधलं पाणी कॅनमध्ये ओतायचं तर नरसाळं घरात होतं. तिने जवळचा प्लायवुडचा तुकडा ट्रेवर झाकला. वर काहीतरी जड ठेवावं असं मनात आलं. वीट शेडच्या पलीकडच्या टोकाला होती. तिने विटेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पिकअप काढली.

परत आली तेव्हा अकराला दोन मिनिटं कमी होती. प्लायवुड एका बाजूला सरकलं होतं. ट्रेच्या कडेला ओली हिरवी रेघ दिसत होती आणि पाणी त्या रेघेच्या दोन बोटं खाली होतं. धुळीत चार-पाच थेंब सांडलेले. शेडच्या दारात बर्डी उन्हात पडली होती आणि जीभ फिरवून फिरवून तोंड पुसत होती.

टेरिन क्लिपांची पुडी हातात धरून उभी राहिली.

तीस पावलांवर हॅच गवताच्या मशीनला ग्रीस लावत होते. त्यांनी मान वर करून हात हलवला. “मिळाली का गं क्लिप?”

“मिळाली,” ती म्हणाली.

तेवढंच म्हणाली. पुढचं वाक्य घशाशी आलं होतं, पण तिने आधी ट्रेकडे नीट बघायचं ठरवलं. गाडी कलवताना थोडं बाहेर सांडलं असेल. वाऱ्याने फळी हलली असेल. ती रेघ मघाचीच, ओततानाची असेल. बर्डी तर कोंबड्यांचं पाणी पिऊनही तोंड पुसत बसते. अशी एकेक सबब तिने हातात घेऊन पाहिली, आणि त्यातली एकही खरी वाटत नसताना खिशात टाकली. मग घरातून नरसाळं आणलं, उरलेलं पाणी कॅनमध्ये ओतून झाकण घट्ट केलं, ट्रे धुतला, धुळीवर माती लोटली.

हे सगळं करून झालं तेव्हा साडेअकरा झाले होते. अकराला सांगितलं असतं तर ती नुसती चूक ठरली असती. आता सांगायचं तर चूक, आणि वर हा अर्धा तास, आणि वर धुतलेला ट्रे. मिनिटामिनिटाने ते बोलणं जड होत गेलं.

बाराच्या सुमाराला बर्डी उठली. बादलीतलं पाणी लपालपा पीत राहिली, पीतच राहिली. मग अंगण ओलांडायला निघाली तर मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. कोंबडी समोरून गेली, तिच्याकडे झेपावायला गेली आणि कुशीवर पडली. उठली, पुन्हा झोकांडी.

हॅच खो खो हसले. “बघ बघ, कशी चालतेय. पायोशच्या बारमधून आल्यासारखी. म्हातारी झाली गं आमची बर्डी.”

टेरिनही हसली.

ती शेडमध्ये गेली आणि कामाला लागली, कारण हात रिकामे ठेवणं तिला शक्य नव्हतं. पंपाचं तोंड फडक्याने पुसलं. नव्या नळीच्या आत साबणाचं पाणी लावलं आणि ती चढवली. उलटी चढली, वाक बाहेरच्या बाजूला आला. काढली, पुन्हा चढवली. क्लिप आवळताना पाना दोनदा सटकला आणि बोटाची साल निघाली. मग तिने फोन काढून वाचायला सुरुवात केली. आधी दारू प्यायल्यासारखी चाल, खूप तहान. नंतर काही तास जनावर सुधारल्यासारखं वाटतं. मालकांची फसगत होते ती इथेच. नंतर मूत्रपिंडं जातात. झिंगलेल्या जनावराला ओकायला लावू नये. औषध आहे, पण जितकं लवकर तितकं.

एक वाजता तिने बाहेर डोकावून पाहिलं. बर्डी पायऱ्यांवर बसली होती आणि हॅचच्या हातून पावाचा तुकडा खात होती. चाल सुधारली होती. टेरिनच्या छातीवरचा दगड उतरला. मग आपण नुकतंच काय वाचलं ते तिला आठवलं. तिने फोन पालथा ठेवला आणि दुसरी नळी हातात घेतली.

दोन वाजता बर्डी ओकली. ओकून तिथेच, त्यातच, मान टाकून पडली. हॅच तिला हाका मारत होते, ती शेपटी हलवत होती, पण उठत नव्हती.

टेरिन धावत गेली. “ब्रदर हॅच, तिनं कूलंट प्यालंय. मी, आत्ता ट्रे बघितला. आत्ताच. फळी सरकलेली होती.”

हॅचच्या तोंडावरचा रंग उडाला. “फोन लाव,” एवढंच म्हणाले.

सीडर सिटीच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई लगेच फोनवर आल्या. इम्ले त्यांचं नाव. हॅच टेरिनच्या खांद्याशी उभे होते.

“कधी प्यायली?”

“आत्ताच,” टेरिन म्हणाली. “दोनच्या सुमाराला.”

“मग ऐका. शुद्धीवर असेल तर घरात जखमा धुवायचं पेरॉक्साइड असेल, ते पाजून तिला ओकायला लावा. आणि निघा.”

टेरिनने डोळे मिटले. “ओकलीय ती आपणहून. आणि पेरॉक्साइड नाहीये घरात.” होतं. न्हाणीघराच्या फळीवर अख्खी बाटली होती, पण झिंगलेल्या जनावराला ओकायला लावायचं नाही हे तिने मघाशीच वाचलं होतं.

“ठीक. दारू आहे का काही? व्होडकासारखी? गिळता येतंय ना तिला? मग थोडी पाण्यात मिसळून द्या. त्या विषाला ती थोपवून धरते. मी सांगते तेवढीच. आणि ताबडतोब इकडे या, औषध इथं आहे.”

हॅच हताश होऊन म्हणाले, “दारू आता कुठून आणायची? गावात मिळत नाही. पायोशला जायचं तर—”

“माझ्याकडे आहे,” टेरिन म्हणाली.

ती फ्रीजमधली बाटली घेऊन आली. निम्मी रिकामी होती. हॅचनी बाटलीकडे पाहिलं. कोकरांना दूध पाजायची पिचकारी त्यांनीच शोधून काढली. ज्या माणसाने आयुष्यात दारूची बाटली उघडली नव्हती त्याने कुत्रीचा जबडा दोन्ही हातांनी धरला आणि टेरिनने गालफडातून थेंब थेंब सोडली. वासाने हॅचना शिंक आली.

“प्रभू समजून घेईल,” ते कुत्रीला म्हणाले.

हॅचचीच पिकअप घेतली. टेरिन चालवत होती. हॅच शेजारी, मांडीवर घोंगडीत गुंडाळलेली बर्डी. ऐंशी मैलांचा सरळ रस्ता, दोन्हीकडे राखी झुडपं, मधून एखादा गुरांचा फाटा. टेरिनने काटा नव्वदावर नेला.

“हळू,” हॅच म्हणाले. “पोचलो पाहिजे.”

थोड्या वेळाने त्यांनी टोपी काढली, दोन्ही तळवे बर्डीच्या डोक्यावर ठेवले आणि पुटपुटत प्रार्थना म्हटली. मुक्या जनावराला आशीर्वाद देतात की नाही, त्यांनाही नक्की ठाऊक नसावं. मध्येच अडखळले, पुन्हा सुरू झाले. संपल्यावर थांबले.

“आमेन म्हण, पोरी.”

“आमेन,” ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून अकरा वर्षांनी निघत होता.

युटा राज्याची हद्द ओलांडली तसं तिकडच्या वेळेप्रमाणे गाडीतलं घड्याळ आपोआप एक तास पुढे गेलं. हॅच खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी तुला बोलणार नाही. अट घातली होती, तू ती मोडलीस, ते खरं. पण लगेच बघितलंस आणि लगेच सांगितलंस. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. मला कळलंही नसतं कशानं गेली.”

आता सांगावं, या वळणावर, त्या पाटीपाशी. पाटी आली आणि गेली. बेरिल गेलं, न्यूकॅसल गेलं. ती रस्त्यावरची नजर काढत नव्हती, आणि म्हातारा समजत होता की पोर जीव लावून गाडी चालवतेय.

दवाखान्यात पोचले तेव्हा तिथल्या घड्याळात पावणेपाच झाले होते. दवाखान्यातल्या दोघी जणींनी बर्डीला आत नेलं. वीस मिनिटांनी डॉक्टर इम्ले बाहेर आल्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, थेट बोलणाऱ्या.

“रक्तात विष पुष्कळ पुढे गेलंय. लघवीत स्फटिक दिसायला लागलेत,” त्या म्हणाल्या. “दीड-पावणेदोन तासांत एवढं होत नाही. मला वेळ नक्की सांगा. औषध किती, सलाइन किती, कशाची तयारी ठेवायची, हे सगळं त्यावर आहे. फोनवर तुम्ही दोन म्हणाला होतात.”

हॅच लगबगीने पुढे झाले. “डॉक्टर, तिचा घड्याळाचा घोळ झाला असेल. आमच्याकडे तुमच्यापेक्षा एक तास मागे असतो. आमचे दोन म्हणजे तुमचे तीन. गडबडीत पोर उलटंसुलटं बोलली असेल.”

डॉक्टर म्हणाल्या, “ते धरूनच बोलतेय मी. एवढं विष चढायला याहून जास्त वेळ लागतो.”

“मग उलटं धरा. आमचा एक धरा,” हॅच म्हणाले, आणि टेरिनकडे वळले. “एक वाजला होता का गं? असेल. मला तरी कुठे घड्याळ बघायची शुद्ध होती.”

वाट मोकळी करून दिली होती त्यांनी. एक वाजला म्हटलं असतं तर एका तासाची चूक ठरली असती, आणि ती चूकसुद्धा दोन राज्यांच्या घड्याळांवर गेली असती. टेरिनने हॅचच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते मान डोलावत होते, लहान मुलाला उत्तर सुचवावं तसे.

“अकरा,” ती म्हणाली.

“इथले अकरा की आपले?” हॅचनी विचारलं. “नाही नाही, पोरी, नीट आठव—”

“आपले अकरा, ब्रदर हॅच. अकराच्या आधीच. मी कॅलिएंटीहून आले तेव्हा ट्रे कमी झालेला होता. मी बघितला होता.” ती डॉक्टरांकडे वळली. “सव्वादहा ते अकराच्या मध्ये कधीतरी. बाराला झोकांड्या देत होती. एकला जरा बरी झाली. दोनला ओकली.”

डॉक्टरांनी सगळं हातातल्या कागदावर उतरवलं. “पाच तास,” त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि आत गेल्या. दार आपोआप बंद झालं.

बाहेरच्या खोलीत दोघंच उरली. भिंतीवर पिलांच्या चित्रांचं कॅलेंडर होतं. हॅच खुर्चीवर बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. टेरिन उभीच होती. ते ओरडतील, असं तिला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते मनातल्या मनात सकाळपासूनचा हिशोब लावत बसले होते; त्यांच्या ओठांच्या हालचालीवरून तिला ते कळत होतं. अकरा. साडेअकरा. बारा.

शेवटी त्यांनी तिच्या हातातल्या पिकअपच्या किल्ल्यांकडे बोट केलं.

“तू जा. माझी भाची राहते इथं. ती येईल मला न्यायला.”

“मी थांबते.”

“जा,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता.

ती त्यांची गाडी घेऊन ऐंशी मैल एकटी परत आली. शेजारच्या सीटवर बर्डीचे केस होते आणि दारूचा वास होता.

रविवारी सकाळी तिने मोटारसायकल शेडमधून ढकलत बाहेर काढली आणि आपल्या घरापुढे उघड्यावर आणली. शेड झाडून काढली. जिथे थेंब सांडले होते तिथली माती फावड्याने खरवडून पोत्यात भरली. जुन्या पाण्याचा कॅन सोमवारी बसच्या डेपोत टाकायला म्हणून बाजूला काढला. मग उरलेलं काम केलं. क्लिपा एकेक करून आवळल्या, या वेळी घाई न करता. नवं कूलंट हळूहळू ओतलं. नळ्या हाताने दाबत राहिली, आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर यायची थांबेपर्यंत. इंजिन चालू केलं, पातळी उतरली तशी पुन्हा भरलं. नळ्यांच्या तोंडांवरून कोरडं फडकं फिरवून पाहिलं. एक थेंबही गळत नव्हता. इतकं चोख काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि तिला त्याकडे बघवेना.

तिने दवाखान्यात तीनदा फोन केला. मालकाशिवाय कुणाला सांगत नाही, असं तिन्ही वेळा उत्तर आलं. हॅच फोन वापरत, पण उचलत नव्हते. ती सकाळ-संध्याकाळ शाळेची बस त्यांच्या घरावरून न्यायची. पायऱ्या रिकाम्या, कोंबड्यांना शेजारच्या गल्लीतली कुणी बाई दाणे टाकून जाई. त्या बाईनेही टेरिनकडे बघून न बघितल्यासारखं केलं. किंवा तसं टेरिनला वाटलं. पोस्टात कुणीतरी सहज विचारलं, “वर्लची कुत्री आजारी आहे म्हणे?” आणि तिने “हो” म्हणून पत्रं न घेताच दार गाठलं.

बुधवारी दुपारी चारला, बस डेपोत लावून येताना, हॅचच्या दारात तिला परकी मोटार दिसली. भाचीची. ती निघून जाईपर्यंत टेरिन आपल्या खिडकीत थांबली. मग किल्ल्या घेऊन गेली.

हॅच जाळीच्या दारापाशी आले. दार उघडलं नाही. चार दिवसांत त्यांची हनुवटी पांढऱ्या खुंटांनी भरली होती. दाढी न केलेलं त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं.

“बर्डी?” तिने विचारलं.

“आहे. आणलीय घरी. मूत्रपिंडं निम्मी गेलीत. वेगळं खाणं, रोज औषध. डॉक्टरीण म्हणते, वर्ष काढेल. कदाचित दोन.”

टेरिनला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. तिने किल्ल्या पुढे केल्या. हॅचनी दार दोन बोटं किलकिलं केलं, किल्ल्या घेतल्या, दार लावलं.

“डॉक्टरीण आणखी एक म्हणाली,” ते जाळीआडून बोलले. “खरी वेळ कळली म्हणून बरोबर उपचार करता आले. दोनच धरून चालली असती तर कुत्री गेली असती. हेही तुम्हाला सांगायला हवं, म्हणून सांगतोय.”

तुम्हाला. टेरिनला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“आणि अकरालाच सांगितलं असतं तर?” तिने विचारलं.

“तेही मी विचारलं तिला,” हॅच म्हणाले. ती काय म्हणाली ते त्यांनी सांगितलं नाही.

आतून नखांचा आवाज आला. बर्डी हळूहळू चालत जाळीपाशी आली. एका पायाचे केस भादरलेले, त्यावर पट्टी. पोट खपाटीला गेलेलं. टेरिनला पाहून तिने नेहमीसारखी शेपटी हलवली, जाळीला नाक लावलं आणि दार उघडायची वाट बघत उभी राहिली. हॅचचा हात कडीवर होता. तो हलला नाही.

“ब्रदर हॅच, मला भीती वाटली. पाणी तोडायचं विसरले होते तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, एकदा होतं. मला वाटलं, आता दुसऱ्यांदा—”

“ते मला समजतं,” हॅच म्हणाले. “भीती समजते. लपवणंही समजतं. मी पण माणूसच आहे.” त्यांनी बर्डीकडे पाहिलं. “एक मात्र विचारायचंय तुम्हाला. ती झोकांड्या देत होती, मी हसलो. मला ठाऊक नव्हतं म्हणून हसलो. तुम्ही का हसलात?”

या प्रश्नाचं उत्तर टेरिनने चार दिवस शोधलं नव्हतं, कारण हा प्रश्न कुणी विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं.

“मला ठाऊक नाही,” ती म्हणाली.

“मलाही कळेना,” हॅच म्हणाले. “भाचीकडे झोप लागत नव्हती, तेव्हा तेच समोर यायचं. दारू पाजली त्याचं काही नाही, वेळ लपवली त्याचंही एक वेळ काही नाही. ते हसणं.”

त्यांनी वाकून बर्डीचा पट्टा धरला. “शेडमध्ये तुमचं पान्यांचं पाकीट राहिलंय. कडब्यामागं पडलं होतं. घेऊन जा. आता हिच्या औषधाची वेळ झाली.”

ते आत वळले. बर्डी क्षणभर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली, मग त्यांच्यामागून गेली. स्वयंपाकघरात बशीचा आवाज झाला. हॅच तिला काहीतरी समजावत होते, औषध घे म्हणून, लहान मुलाला विनवावं तसं.

टेरिन पायरी उतरली. मग शेडकडे गेली, कडब्यामागे हात घालून पाकीट काढलं, आणि बाहेर पडताना शेडचं दार नीट ओढून घेतलं.